साज्याचे पंजे

फिरत्या पात्यासमोर थरथरणारा हात तुम्ही कधी पाहिलाय का? टीव्हीवर नाही. स्वतःच्या डोळ्यांनी, हातभर अंतरावरून. नसेल पाहिला तर मला शहाणपण शिकवायला येऊ नका. "अंधश्रद्धा आहे ताई, समजावून सांगा त्याला," हे वाक्य ऐकून ऐकून माझे कान किटले आहेत. समजावणं हाच माझा धंदा आहे. रेशनच्या दुकानापासून तहसीलीच्या पायरीपर्यंत मी लोकांना समजावत आणि साहेबांना ओरडत आले. शाळा नववीत सुटली, कायदा मोर्च्यात शिकले. माझ्यासमोर कोणी भीतीचं नाव काढलं की माझं डोकं फिरतं.

पण त्या दिवशी फुलचूरच्या टिनाच्या शेडमध्ये मी उभी होते आणि बिसराम कोरेटीचा उजवा हात मशीनकडे जात होता. राउटर म्हणतात त्या मशीनला. मुठीत धरायचं, खाली एक छोटं पातं, आणि ते इतकं जोरात फिरतं की दिसत नाही, फक्त ऐकू येतं. हात पुढं गेला. थांबला. परत गेला. पाण्याबाहेर काढलेली मासोळी कशी फडफडते, तशी त्याची बोटं. आणि ती बोटं पात्याच्या दिशेनंच सरकत होती, त्याला कळत नव्हतं.

मी भिंतीवरचं बटण बंद केलं. पातं लगेच थांबत नाही. आवाज उतरत उतरत विझला. मग तो म्हणाला, "ताई, नाई जमलं."

हा माणूस भित्रा नाही, हे आधी नीट ऐकून घ्या.

बिसराम केशोरीचा, अर्जुनी मोरगाव तालुक्यातला. बाप जंगलात कूप तोडायला, म्हणजे ठेक्याची झाडं पाडायला जायचा. बिसराम कुऱ्हाडीवरून पटाशीवर आला, गावात दाराच्या चौकटी केल्या, मग गोंदियाच्या एका फर्निचरच्या दुकानात लागला. तिथं एक दिवस त्याच्या शेजारच्या कारागिराची दोन बोटं आरीत गेली. भुशात हात घालून ती शोधून काढणारा बिसरामच. त्या दिवसापासून त्याच्या डोक्यात एकच गोष्ट बसली: लाकूड हातानं धरायचंच नाही. कोणतंही काम आलं की तो आधी त्या कामाचा फर्मा करायचा. फर्मा म्हणजे लाकूड पकडून ठेवणारा सापळा समजा. लाकूड सापळ्यात, माणूस बाहेर. दुकानातले हसायचे. खुर्ची एक दिवसाची आणि फर्मा दोन दिवसांचा. मालक चिडायचा. बिसराम म्हणायचा, "लाकूड धराचं काम हाताचं नोहे. हात जेवाले अन् पोरगं उचलाले."

माझी त्याची ओळख भांडणातून झाली. त्यानं नोकरी सोडून फुलचूरला आमच्या गल्लीत शेड टाकली आणि दुपारभर घर्र घर्र सुरू झालं. मी गेले तोंड वाजवायला. त्यानं माझं सगळं ऐकलं, मग एक फर्मा समोर ठेवला आणि म्हणाला, "हात घाला ताई. पात्यापर्यंत पोचवून दाखवा." मी खूप प्रयत्न केला. कोणत्याही बाजूनं माझं बोट पात्याला पोचेना. मी परत आले. आवाज काही कमी झाला नाही, पण मग मी भांडलेही नाही.

नंतर आला वीरेंद्र कापगते. आमच्याच कोहळी समाजाचा पोरगा, नवेगावकडचा. बंगलोरला कॉम्प्युटरवर बसायचा, ते सोडून आला आणि बिसरामच्या शेजारचा हॉल भाड्यानं घेऊन गिटार बनवायला लागला. गल्लीत चर्चा अशी की पोराचं डोकं फिरलं. गोंदियात राइस मिल टाकतात, गिटार कोण टाकतं?

गिटारचं पोट असतं ना, कंबर असलेलं, त्याच्या कडा पातळ लाकडाच्या असतात. ओल्या करून, गरम पाइपावर वाकवून त्या एका साच्यात अडकवून ठेवतात. गिटार लहान-मोठी झाली की साचा वेगळा. वीरेंद्रच्या भिंतीवर साचेच साचे टांगलेले. बिसराम एकदा ते बघत उभा राहिला आणि म्हणाला, "भाऊ, इतके कायले? एकच करू. सरकता."

आणि त्यानं केला. जाड प्लायवूडची फळी, तिच्यात खाचा, प्रत्येक खाचेत सरकणारा लाकडाचा ठोकळा. ठोकळ्याचं तोंड गोलसर, गिटारच्या कडेला बाहेरून दाबून बसणारं. बिसराम त्यांना पंजे म्हणायचा. खालून नट सैल करायचा, पंजा पुढं-मागं सरकवायचा, परत आवळायचा. एकाच फळीवर लहान पोरीची गिटारही बसते आणि मोठ्या माणसाचीही. ती बसली की वरून राउटर फिरवून कडा साफ करायच्या. पातं पंज्यापासून बोटभर अंतरावरून जातं. पंजा ढळला तर गिटार उसळते, आणि गिटार उसळली की मशीन कुठं जाईल याचा नेम नाही. म्हणून पंजा महत्त्वाचा.

आणि म्हणून बिसरामची एक रीत होती. सगळे नट आवळून झाले की तो हत्यार खाली ठेवायचा आणि उघड्या तळहातानं एकेक पंजा दाबून, हलवून बघायचा. डोळे मिटून. बैलाच्या खांद्यावरून हात फिरवावा तसा. सैल असेल तो पंजा त्याच्या हाताला बरोबर सांगायचा. पान्यावर त्याचा विश्वास नव्हता. हातावर होता.

पहिले पंजे सागाचे केले, ते दबले. वीरेंद्र म्हणाला, माझ्याकडं एक लाकूड उरतं, बघ. गिटारच्या मानेवर जी पट्टी असते, जिच्यावर बोटं फिरतात, तिच्यासाठी तो एका व्यापाऱ्याकडून रंधलेल्या फळ्या मागवायचा. तपकिरी, मधूनच काळ्या रेघा. त्याचे तुकडे त्यानं पोतंभर दिले. बिसरामनं रंधा मारला आणि दिवसभर तेच हातात घेऊन बसला. मला बोलावून दाखवलं. "पाहा ताई, तेल नाई लावलं तरी चमकते. असं लाकूड मी जनमात नाई पायलं." वजनदार, घट्ट, पावसात न फुगणारं. त्याचे पंजे लावलेले पाच फर्मे त्यानं केले. तीन कुरिअरनं देशातल्या-परदेशातल्या लांबच्या गिटार करणाऱ्यांकडे गेले, एक नागपूरच्या प्रदर्शनात विकला गेला, पाचवा खुद्द वीरेंद्रसाठी. उरलेले तुकडे मंगलीनं, त्याच्या बायकोनं, चुलीत घातले. गॅस आहे तिच्याकडं, पण भात चुलीवरचाच लागतो.

पाचवा फर्मा जुळवायचा तेवढा राहिला होता आणि व्यापाऱ्याकडून नवा माल आला. या वेळी एक फळी कडेची होती. एका बाजूला सालीचा पट्टा तसाच राहिलेला. बिसराम गठ्ठा उतरवत होता. हात त्या सालीवर पडला आणि तिथंच राहिला.

ती साल मी नंतर पाहिली. काळपट, चौकोनी भेगा पडलेली, मगरीच्या पाठीसारखी. पुस्तकात ज्याला ऐन म्हणतात, इकडं येन, आणि बिसरामच्या घरात साजा. केशोरीकडच्या पोराला चालता येण्याआधी ती साल ओळखता येते, कारण तिच्यापुढं त्याला आडवं घातलेलं असतं. साजा म्हणजे त्यांच्या मोठ्या देवाचं ठिकाण. बिसरामच्या कुळात साज्याला कुऱ्हाड लावत नाहीत. वाळलेली काडीसुद्धा घरात आणत नाहीत, जाळायची तर गोष्टच नाही. सागापासून बिज्यापर्यंत प्रत्येक लाकूड या माणसानं आतून पाहिलं होतं. साजा तेवढा फक्त बाहेरून.

माझ्यातला भांडखोर किडा वळवळला आणि मी त्याला नंतर विचारलंच, "इतका मोठा मिस्त्री तू, तुला लाकूड ओळखता आलं नाही?"

तो म्हणाला, "देवाले आतून कोन पाह्यते, ताई?"

यावर तुमच्याकडं उत्तर असेल तर ठेवा तुमच्याकडंच.

त्यानं त्या दिवशी कोणाला काही सांगितलं नाही. नळाखाली हात धरून बसला. मंगलीला वाटलं पॉलिशची लाख लागली असेल. दुपारी वीरेंद्र आला, नेहमीसारखा घाईत. "बिसरामभाऊ, फर्मा आज दे यार. कल सुबह से काम चालू करना है." बिसराम नाही म्हणू शकला असता. पण काय सांगून नाही म्हणणार? त्यानं फळी उलटी ठेवली, खालून नट आवळले. मग ती सुलटी केली आणि पंज्यांकडं बघत उभा राहिला. तळहात पुढं जाईना. शेवटी खांद्यावरचा दुपट्टा हाताला गुंडाळला, पंज्यांवरून फिरवला, आणि दिला फर्मा.

दुसऱ्या दिवशी सकाळी वीरेंद्रच्या हॉलमधून आवाज आला. किंचाळी नव्हती. लाकूड फाटल्याचा आवाज, मग मशीन जमिनीवर पडून गोल गोल ओरडत राहिल्याचा आवाज. मी धावले तेव्हा तो डावा अंगठा उजव्या मुठीत दाबून भिंतीला टेकून बसला होता आणि म्हणत होता, "ताई, बंद करा आधी, बंद करा." मूठ उघडायला तो तयार नव्हता, कारण आत काय उरलंय हे त्याला बघायचं नव्हतं. मलाही नव्हतं. गिटार दोन तुकडे होऊन पडली होती. पंज्यांवर रक्त.

अंगठा वाचला. नखाकडचा भाग गेला. डॉक्टर म्हणाले नशीबवान आहे. बिसराम दवाखान्याच्या बाहेर, पायरीच्या खाली उभा होता. आत यायला तयार नाही. माझ्या हातावर वीरेंद्रचं रक्त वाळलेलं होतं, ते तो बघत होता. मग हळू आवाजात म्हणाला, "अजून चार बाहेर हायेत."

तेव्हा मला सगळं कळलं. म्हणजे त्यानं सांगितलं. साल, दुपट्टा, सगळं.

त्यानंतरचे दिवस मला आठवायला आवडत नाहीत. त्यानं शेड बंद केली. फोन वाजला की उठून उभा राहायचा. फोन वीरेंद्रचा असो, मोबाइल कंपनीचा असो, त्याला वाटायचं कुठूनतरी बातमी आली. बोटाची. जेवताना घास हातात धरून विचारायचा, "तिकडं आता सकार असंल ना? कामावर बसले असतील." ज्यांची तोंडंही त्यानं पाहिली नव्हती, त्यांच्या बोटांसाठी हा माणूस झोपत नव्हता. बोटं वाचावीत म्हणून त्यानं आयुष्यभर फर्मे केले, आणि आता त्याला वाटत होतं की त्याच्याच फर्म्याचे पंजे परक्या मुलखात कोणाच्या तरी हाताची वाट पाहत बसलेत.

मंगलीला कळलं तेव्हा तिनं आवाज चढवला नाही. ती आधी चुलीजवळ गेली, राखेत काडी फिरवली, आणि तिथूनच म्हणाली, "साज्यावर भात शिजवला मी. अन् तू गप बसला."

"मले तवा मालूम नोहतं, मंगली."

"कवा मालूम पडलं?"

तो आपल्या हातांकडं बघत बसला.

"कवा मालूम पडलं, मी इचारून राहिली. त्या दिसी हात धुत बसला होता, तवा ना? अन् संध्याकारी मी त्याच चुलीवर आंबील केली. तुनं पेली. मी पेली." मग तिनं चूल फोडली नाही, काही नाही. राख एका टोपलीत भरली, वर फडकं बांधलं, आणि टोपली कुठं ठेवायची हे तिला कळेना. घरात ठेववेना, बाहेर टाकवेना. ती टोपली घेऊन तशीच उभी राहिली.

मला असं काही झालं की राग येतो. मी वीरेंद्रच्या हॉलची किल्ली घेतली आणि तो फर्मा बघायला गेले. मला कारण पाहिजे होतं. देव हे कारण मला चालत नाही, मी साहेबाच्या तोंडून ऐकून घेत नाही तर देवाच्या नावावर काय ऐकणार. फर्मा जमिनीवर पडला होता तसाच. मी बसले. नुसत्या डोळ्यांनी दिसलं: कमरेपाशी असतो तो पंजा तिरपा झालेला, त्याचा खालचा नट अर्धाच आवळलेला. म्हणजे सरळ होतं. बिसरामनं उघडा हात लावला असता तर त्याला कळलं असतं. दुपट्ट्यातून कळलं नाही.

खात्री करायला पंजा हलवून बघायचा होता. मी हात पुढं केला. आणि खोटं कशाला बोलू, हात लागेना. रक्त वाळून त्या लाकडाचा रंग एकसारखा झाला होता, कुठं रक्त आणि कुठं रेघ कळत नव्हतं. दार उघडं, भर दुपार, बाहेर भाजीवाला ओरडतोय, आणि मी त्या ठोकळ्यासमोर उकिडवी बसून राहिले. शेवटी पायातल्या चपलेनं ढकलून पाहिला. सैलच होता.

मी तडक बिसरामकडे गेले. "तुझा देव नाही, तुझा दुपट्टा! कळतंय का? नट सैल होता. हात लावला असतास तर सापडला असता. पोराचा अंगठा भीतीनं गेला, साज्यानं नाही."

त्यानं शांतपणे ऐकलं. माझ्याकडं न बघता म्हणाला, "बराबर हाय, ताई. पन मंग माहा हात मांगं कोनं वढला?"

मी पुन्हा नटाचंच सांगायला लागले.

मंगली दारातून म्हणाली, "तू कायले चिडतं वो बाई? तुये कोहळी लोक तरे बांधतेत. तुया बाप तरयाच्या पारीवर जोडे घालून चढे का?"

नाही चढायचा. तळ्याच्या पाळीखालीच चपला काढायचा आणि मलाही काढायला लावायचा. अजूनही मी काढते. का, ते मी कधी विचारलं नाही.

मग ठरलं की केशोरीला जायचं, सुकरामला विचारायचं. सुकराम म्हणजे त्यांच्या गावचा भुमक, देवाचं करणारा. मला जायचं नव्हतं, पण बिसरामला एकट्याला सोडायची मला भीती वाटत होती. आम्ही जीप केली. वीरेंद्रचा फर्मा पोत्यात बांधून बिसरामच्या मांडीवर, राखेची टोपली मंगलीच्या मांडीवर. कोहमाऱ्याला ट्रकांच्या रांगेत जीप अडकली. ड्रायव्हर म्हणाला चहा घ्या. कोणी उतरलं नाही. ढाब्यावर कोणीतरी लोखंडी झाकण आपटलं आणि बिसरामनं दोन्ही हात पोत्याखाली लपवले. पुढं जंगल सुरू झालं तसा त्याला प्रत्येक साजा दिसायला लागला. मला नुसती झाडं दिसत होती, त्याला साजेच दिसत होते. तो मान खाली घालायचा, परत वर करायचा, परत खाली. ड्रायव्हरला म्हणाला, "भाऊ, धीरे चाल." जीप आधीच बैलगाडीसारखी चालली होती.

सुकराम म्हातारा, बारीक, कानात बिडी अडकवलेली. मला वाटलं होतं आता कोंबडं मागेल, बोकड मागेल, आणि मी तयारच होते भांडायला. त्यानं पोतं सोडायला लावलं. पंजे पाहिले. हात लावला नाही, पण घाबरलाही नाही.

"चांगलं केलं काम," म्हणाला. "तुया बाप असं काम करता नोहता."

बिसराम रडायला लागला.

"रडून नोको राहू. किती गेलं?"

"पाच फर्म्याचं. अन् चुलीत गेलं थे ही राख."

"मंग आन वापस. जेवढं बाहेर हाय तेवढं आनून झाडाखाली ठेव. मोठा देव कोनाचं बोट कापत नाई, थ्याले आनखी कामं हायेत. पन भेलेल्या मानसाच्या हाती आमी हत्यार देत नाई. सारं वापस येतपर्यंत पात्याले हात लावू नोको."

"एखादा आलाच नाई तं?"

सुकरामनं कानातली बिडी काढली, पेटवली नाही. "तं तू भेतच राहशील," म्हणाला.

मी तिथं तोंड घातलंच. म्हटलं, बाबा, याचं पोट या मशीनवर आहे, असं कसं बंद ठेवायचं? तो माझ्याकडं बघून म्हणाला, "बाई, तुमी उद्या थ्याले मशीनवर बसवा. बोटं तुमी उचलान का?"

राख आणि ते पंजे झाडाखाली ठेवून आम्ही परतलो. मंगलीचा हात रिकामा झाला तसा तिचा चेहरा जरा सुटला. बिसरामचा नाही.

वीरेंद्रनं बँडेज बांधलेल्या हातानं मेसेज पाठवले. पोरगा खरं सांगू का, खोटं, असं विचारायला आला. मी म्हटलं खरं सांग, लोकांना खोट्याची सवय आहे, खऱ्यानं गोंधळतील. गोंधळलेच. एकानं विचारलं, फर्मा उत्तम आहे, परत का? एकानं हसण्याची चित्रं पाठवली. शिलाँगच्या म्हाताऱ्या कारागिरानं मात्र काही न विचारता दुसऱ्याच दिवशी पार्सल केलं, पंजे एकेक करून कापसात गुंडाळलेले. त्याला काय कळलं कोण जाणे. तिन्ही आले. प्रत्येक वेळी खोकं उघडण्याआधी बिसराम वीरेंद्रला फोन लावायला सांगायचा आणि एकच विचारायचा, "थ्याचे हात बरे हायेत ना? सारी बोटं?" हो म्हटल्यावरच दोरी कापू द्यायचा. कापायची मंगली. तो पात्याला हात लावत नव्हता, चाकूलाही नाही.

तीन आल्यावर त्याला वाटलं आता जमेल. घरात डाळ संपली होती, आणि एका सुताराचं किरकोळ काम आलं होतं, सागाचंच. सुकरामचं न ऐकता तो शेडमध्ये गेला, मला सोबत उभं केलं. ते मी सुरुवातीला सांगितलंच. त्यानंतर त्यानं स्वतःच्या हातानं मशीनची वायर गुंडाळून माझ्याकडं आणून दिली. आता तो गावोगाव प्लायवूडच्या फळ्या उतरवायला हमालीवर जातो. ज्या हाताला लाकडाचं मन कळायचं, तो हात आता बोजा उचलतो. मी त्याला टोमणे मारले, धीर दिला, ओरडले. तो सगळं ऐकतो. फक्त रोज संध्याकाळी वीरेंद्रच्या दारात येऊन विचारतो, "काई आलं का?"

आलं नाही. एक फर्मा अजून बाहेर आहे. नागपूरच्या प्रदर्शनात विकला गेला तो. घेणारी एक बाई होती, चाळिशीची असेल, केस कापलेले, हिंदी बोलणारी पण इकडची नव्हे. वीरेंद्रला तिचं नाव आठवत नाही, नंबर घ्यायचा राहून गेला. एवढंच आठवतं की ती डावखुरी होती आणि तिला फर्मा डाव्या हातानं वाजवायच्या गिटारसाठी उलटा बसवून पाहिजे होता. तिच्या गाडीची वेळ झाली होती. वीरेंद्रनं तिथंच, गर्दीत उभ्या उभ्या सगळे नट सोडले, पंजे फिरवले आणि परत आवळून दिले.

आता ऐका. मला देवाची भीती दाखवू नका, मी सांगितलं आहे मला ती चालत नाही. पण बिसरामच्या हातानं तो फर्मा पास केला होता, आणि तो हात त्या फर्म्यावरून पुसला गेला. त्यानंतर कोणीही उघड्या तळहातानं ते पंजे दाबून पाहिलेले नाहीत. नट कसे आवळले आहेत, हे वीरेंद्रला सांगता येत नाही. मी त्याला तीनदा विचारलं, तो तीनदा आपल्या अंगठ्याकडंच बघत राहिला. ही बाई आज या क्षणी कुठंतरी त्यावर गिटार बसवत असेल. मला झोप लागत नाही. बिसरामला लागत नाही हे तर झालंच, मलाही लागत नाही.

तर हे वाचणारे तुम्ही. तुम्ही गिटार बनवत असाल, दुरुस्त करत असाल, किंवा तुमच्या ओळखीत कोणी डावखुरी बाई हे काम करत असेल, तर तिला आजच विचारा: तपकिरी, काळ्या रेघांचे सरकते पंजे असलेली फळी तिच्याकडं आहे का. असेल तर तिला म्हणा, मशीन सुरू करू नको. खालचे नट सोडून पंजे काढ. फळी ठेव, तुझीच आहे. पंजे जाळू नको, फेकू नको, वीरेंद्र कापगते, फुलचूर, गोंदिया, एवढ्या पत्त्यावर पाठव, पोचतात. आणि पार्सल निघायला वेळ लागणार असेल तर लागू द्या, त्याआधी फक्त एवढं कळवा की तिच्या हाताची सगळी बोटं जागेवर आहेत.